आडनावातला ळ

“फिर आ गईं, वो ड़ वाली,” खिडकीआडचा बाबू शेजारच्याला हळूच म्हणाला. मी ऐकू न आल्याचं तोंड करून फाइल छातीशी धरली. हे तोंड मला शाळेपासून जमतं.

जन्माच्या नोंदी होतात त्या कार्यालयात ही माझी चौथी खेप. आज सासरे बरोबर होते. दुर्गाघाटाच्या जुन्या मराठी वस्तीतल्या गल्लीतून गुडघा धरत ते मोठ्या रस्त्यापर्यंत चालले होते, मग टोटो, बॅटरीची रिक्षा. पंख्याखालची एकच खुर्ची मी त्यांना दिली.

नवरा इटलीत नोकरी करतो. तो गेला तेव्हा मुलगी दोन महिन्यांची होती, आता दीड वर्षाची आहे. फोन चार्जिंगला लावला की ती त्याच्याजवळ जाऊन बसते, कारण बाबा त्यातून येतो हे तिला कळलंय. आम्ही दोघींनी तिकडे जायचं तर तिचा जन्मदाखला हवा. त्यावर दिल्लीचा शिक्का, मग इटालियन भाषांतर. पासपोर्ट, व्हिसा, सगळं त्या एका कागदामागे खोळंबलेलं.

कागदावर आमचं आडनाव चुकलंय. त्यात मधोमध ळ आहे. पासपोर्टवर आम्हा दोघांच्या नावात त्याचा एल होतो. दाखल्यावर मात्र आई, बाप, मुलगी, तिघांच्याही नावात ड, खाली टिंब, आणि शेजारी इंग्रजीत आर. युनिव्हर्सिटीजवळ भाषांतर करून देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना मी झेरॉक्स दाखवली. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, “मैं तो जो लिखा है वही उतारूँगा. फिर वहाँ पूछेंगे, मैडम, ये किसकी बच्ची उठा लाई हैं?”

ही चूक कशी झाली ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी नर्सिंग होममध्ये पडून होते आणि काउंटरवर नावं सासऱ्यांनी सांगितली. चाळीस वर्षं त्यांनी वेदपाठशाळेत मुलांचे उच्चार सुधारले आहेत. त्यांनी ळ अगदी ळसारखाच म्हटला, आणि लिहिणाऱ्याच्या हिंदी कानाला जे ऐकू आलं ते त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. मी सांगितलं असतं तर कागद बरोबर झाला असता. कारण घराबाहेर मी ळ म्हणतच नाही. इंग्रजी शाळेत एकदा म्हटला होता, वर्ग हसला, तेव्हापासून ल. ती सवय घरातही शिरली. मुलगी झाली तेव्हा फोनवर मी कुणाला तरी “बाल झोपलंय” म्हणाले, तर सासरे दारातून म्हणाले, “बाल म्हणजे केस गं. आपल्याकडे बाळ झालंय.” ते हसत म्हणाले होते, पण मी त्यानंतर बरेच दिवस “ती झोपलीय” एवढंच म्हणत होते.

त्यांच्या उच्चारामुळे झालं असं त्यांना म्हणवेना, म्हणून घरी मी सांगितलं होतं, बाबूने चूक केली. त्यांनी विश्वास ठेवला. मागच्या खेपेला बाबू म्हणाला, नोंदीच्या वेळी ज्यांनी माहिती दिली त्यांनाच आणा. म्हणून आज ते.

दीड तासाने आमची फाइल उघडली.

“बाबूजी, सरनेम बोलिए. आराम से.”

सासरे खुर्चीतून उठले. त्यांनी आडनाव सांगितलं, स्वच्छ. बाबूने टाइप केलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. पुन्हा ड, खाली टिंब.

“ये नहीं. ळ,” सासरे म्हणाले. “ळ.”

“वही तो लिखा है. ड़.”

“ड़ नहीं. ये वेद का अक्षर है, बेटा.”

“होगा बाबूजी. कीबोर्ड में नहीं है.”

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. सासरे स्क्रीनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून मराठीत, जरा खालच्या आवाजात म्हणाले, “मी बरोबरच म्हणतोय ना गं?”

“हो, बाबा.”

“मग त्या दिवशीही मी असंच...” ते थांबले. त्यांना कळलं होतं. ते खुर्चीत बसले आणि गुडघा चोळू लागले. मी इतकी थकले होते की लाजही नीट वाटत नव्हती.

“आप ही बताइए बहूजी, क्या लिखूँ?” बाबू म्हणाला. “बारह बजे सर्वर बैठ जाता है.”

सासरे आता माझ्याकडेच बघत होते. मी खिडकीशी वाकले.

“ल लिखिए,” मी म्हणाले. “लड़की वाला ल.”