चितकबरी जास्वंद

आईनं अंबडहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली जास्वंदीची काडी मी मस्तगडला, सासरच्या अंगणात, न्हाणीच्या पाण्यावर लावली. पानं चितकबरी, अर्धी हिरवी, अर्धी दुधाळ, फूल लालभडक. आईनं बजावलं होतं, "निव्वळ हिरवा फुटवा निघाला की बुडातून छाटायचा. दयामाया बिलकुल न्हाई. हिरवं जोरकस असतं, चितकबऱ्याला खाऊन टाकतं."

मी बराबर छाटत आले. मंग मला दिवस गेले.

"घरात पोटुशी, अन् फुलत्या झाडाला विळा? डोकं फिरलं का तुझं?" सासूनं, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, विळाच काढून घेतला. फुलतं झाड म्हणजे लेकुरवाळी; तिचा फुटवा तोडला की पोटातल्याला धक्का, असं त्यांचं म्हणणं. मी हुज्जत घातली, "मी न्हाई, दुसरं कुणी कापील."

"कुणीच न्हाई. तू मोकळी होईस्तोवर झाडाला हात लावायचा न्हाई."

निजामाच्या राज्यातलं ते शेवटचं, भीतीचं वर्ष. आई मला बाळंतपणाला न्यायला येणार होती, पण रस्त्यानं माणूस धड पोचंल याचा भरवसा राह्यला नव्हता. आई आली न्हाई. आली ती आई तापानं गेल्याची खबर, तीही दहावं उरकल्यावर.

आता आईचं म्हणून माझ्याकडं तेवढं एक झाड. अन् त्याच्या बुडातून हिरवा फुटवा हा असा माजलेला! चितकबऱ्या फांद्या त्याच्या सावलीत पानं गाळून राह्यल्या होत्या. आत्याबाई खुशीत. "बघ, कसं तरारलं! आधी कोड फुटल्यावाणी दिसायचं." असा संताप यायचा! एकदा नखानं कोंब खुडायला हात नेलासुद्धा. तेवढ्यात पोटात लाथ बसली, अन् हात आपोआप मागं आला. खुळी समजूत ती, मला कळत होतं. पण आईच्या झाडापायी पोटातलं पणाला लावू? आई असती तर तिलाच विचारलं असतं.

पोरगी झाली. धडधाकट, घर डोक्यावर घेणारी. सव्वा महिना होऊन मी अंगणात आले, तशा आत्याबाईंनी स्वतः विळा आणून हातात दिला. "घे बाई. आता छाट काय छाटायचं ते."

मी झाडाभोवती फिरले. खाली वाकून पाह्यलं, शेंडे वाकवून पाह्यले. एक बी दुधाळ पान नव्हतं.

"काय छाटू, आत्याबाई?" एवढंच म्हणाले, अन् आईच्या नावानं जे रडायचं राह्यलं होतं ते तिथंच, विळा हातात धरून, रडले.