कापसाची खाज

उमरखेडच्या स्टँडसमोर माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. तिथं शेतकऱ्याचा एक पोरगा रोज येतो, पण खुर्चीत टेकून कधी बसत नाही. काठावर बसतो, गुडघा हलवतो आणि कोपरापासून मनगटापर्यंत खाजवत राहतो. डेटा अ‍ॅनालिस्टची नोकरी शोधतोय. "फ्रेशरच्या जागेलेबी अनुभव मागून राह्यले, काका," असं म्हणतो आणि तरी अर्ज भरतो.

खाज कापसाची आहे. डेटाचा कोर्स चालू असताना त्यानं कापसाच्या मागच्या वर्षांच्या दरांचा आलेख काढून वडिलांना दाखवला होता. "भाव चढते, बाबा. आत्ता नका इकू." बाबा थांबले, आणि भाव उतरत गेला. कापूस अजून घरातच आहे, पार आढ्यापर्यंत. उरलेल्या जागेत सगळं घर झोपतं. कापसातल्या किड्यांनी सगळ्यांच्या अंगावर पुरळ उठलंय. बाबा त्याला एका शब्दानंही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

परवा त्याची मुलाखत माझ्याच कॉम्प्युटरवर झाली. पुण्याचे साहेब मराठीतच बोलत होते. त्याला सगळी उत्तरं पाठ होती, आणि टेबलाखाली खाजवणं चालूच होतं. मग साहेबांनी विचारलं, "डेटा बघून खरोखरचा एखादा निर्णय घेतलाय का कधी?"

त्याचा हात थांबला. मी पहिल्यांदाच तो थांबलेला पाहिला.

"घेतलाय, सर," तो म्हणाला. "त्याच्याच बाजूला झोपतो रोज."