रांजणी आली, उठा

"रांजणी आली, उठा!"

असं म्हणत ती आधी स्वतः उठायची. ओढणी कमरेला खोचायची, आपली जागा हाताने झटकायची आणि दाराकडे बघत उभी राहायची. परतूरहून जालन्याला कॉलेजला जाणाऱ्या आम्हा पोरींचा सकाळच्या पॅसेंजरमधला हा कायदा होता. परतूरला चढणाऱ्यांनी रांजणीपर्यंत बसायचं. रांजणीच्या पोरी चढल्या की त्यांना जागा द्यायची आणि पुढे जालन्यापर्यंत उभं राहायचं. कायदा तिनेच केलेला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती भाषण करत नाहीत, पण त्यांच्याजवळ बसलं की आपण जरा जास्तच वेळ बसलोय असं वाटायला लागतं. समता हा शब्द आम्ही कॉलेजच्या कार्यक्रमांच्या पत्रकांवर जाड अक्षरांत छापत होतो. ती तो रेल्वेच्या बाकावर राबवत होती.

ती भीमनगरातली, माझ्या दोन वर्षं पुढे. तिची आई आमच्या शेतात कापूस वेचायला यायची. अंगणात आली की पायरीशी उभी राहायची. बस म्हटलं तरी बसायची नाही. खरं सांगायचं तर बस असं फारसं कुणी म्हणतही नव्हतं.

मी बारावी झाले तेव्हा भावाचं शिक्षण संभाजीनगरला खोली घेऊन चाललं होतं. जालन्याला जीपने रोज जायचं तर दोघांचा खर्च झेपणार नाही, असं वडिलांनी सांगितलं. रेल्वेचा विद्यार्थी पास अगदी स्वस्त होता. पण वडील म्हणाले, "रेल्वेत पोरी पाठवत नसतो आपण. राहू दे कॉलेज."

ती त्या वेळी तिच्या आईला बोलवायला आलेली. पायरीवरूनच म्हणाली, "काका, एक दिवस आमच्यासंगं चला. डोळ्यानं बघा, मंग न्हाई म्हणा."

"गप गं," तिच्या आईने तिचा हात ओढला. "मालकाला असं बोलतेत का?"

वडील चिडले. "येतो. रेल्वेला काय मी भेतो का?"

दुसऱ्या दिवशी वडील कडक इस्त्रीचं धोतर नेसून, टोपी घालून आमच्यासोबत गाडीत चढले आणि थेट खिडकी धरून बसले. पोरी एकदम चिडीचूप. ती मात्र नेहमीसारखी एकीला रसायनशास्त्राची सूत्रं विचारत होती. दारात एक पोरगा उगाच घुटमळत होता. तिने पुस्तकातून मान वर केली. "भाऊ, तिकडं सरका. इथं अभ्यास करून राह्यलो आम्ही." तो सरकला. वडिलांनी नुसतं "हं" केलं.

मग रांजणी आली. सगळ्या पोरी उठल्या. वडील बसलेलेच.

"काका, रांजणी आली. उठा."

"मी?"

"तुम्ही परतूरलाच चढले ना?"

"अगं, मी काय कॉलेजात जातो का?"

"जागा तर कॉलेजवाल्या पोरीचीच घेतली ना, काका?"

जिच्या आईला आमच्या अंगणात कुणी बसवलं नव्हतं, ती माझ्या वडिलांना उठवत होती. माझं कॉलेज आता गेलं, असंच मी धरून चालले.

रांजणीची एक किरकोळ पोरगी दप्तर छातीशी धरून पुढे आली. "राहू द्या काका," ती घाबरून म्हणाली.

वडील उठले. "बस," म्हणाले. जालन्यापर्यंत ते वरच्या दांडीला धरून उभे राहिले. टोपी वाकडी झाली, ती सरळ करायला हात मोकळा नव्हता.

घरी आल्यावर टोपी खुंटीला अडकवली आणि आईला म्हणाले, "पास काढा हिचा."

"अन् गाडीत कुणी त्रास दिला तर?"

"जी पोरगी मला उठवती, तिच्या डब्यात कुणाची बिशाद हाय?"

लोक म्हणायचे, पोरी चार पैसे वाचवायला धक्के खातात. खाल्ले. त्याच वाचलेल्या पैशांवर आम्ही पदव्या घेतल्या, आणि त्याची लाज वाटायची असेल तर ती आम्हाला नाही. "पासाच्या पैशाची पुस्तकं घ्यायची, टिकल्या न्हाई," असं बजावून ती आमची दप्तरं तपासायची. टिकल्या सापडल्या की स्वतः एक लावून पाकीट परत द्यायची.

आता ती नागपुरात नोकरीला आहे. तिची ऑर्डर आली तेव्हा तिची आई पेढे घेऊन आमच्याकडे आली आणि सवयीने पायरीशी उभी राहिली. वडील अंगणात खुर्चीवर होते. ते उठले.

"रांजणी आली," ते म्हणाले. "बसा, बाई."

ती गोंधळली. "कुठं जायचंय, मालक?"

"कुठंच न्हाई. बसा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन ती खुर्चीच्या कडेवर टेकली, आणि हळूहळू मागे सरून नीट बसली. वडील ओसरीच्या पुढे आलेल्या वाशाला एका हाताने धरून, गाडीत उभे होते तसे, तिच्यासमोर उभे राहिले.