घरी कोण कोण?

धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीच्या हॉलमध्ये नव्या बाईचे नव्याचे नऊ दिवससुद्धा पुरे होत नसत. सहाव्या-सातव्या दिवशी ॲप्रन खुंटीला लागायचा आणि बाई पसार. हॉटेलांच्या चादरींचे ढीग मात्र कुठे पळून जातात? ते राहिलेल्यांच्या बोकांडी.

वर्षात एकतीस जणी गेल्या, तेव्हा धाकट्या मालकांनी हजेरीबाईला आत बोलावलं. बावीस वर्षं तिने इथेच काढलेली. सोळा वर्षं इस्त्रीवर, आणि पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्यावर हजेरीच्या टेबलावर.

"मावशी, गेलेल्यांना एकेकीला फोन करा. का सोडलं ते विचारा. खरं काय ते लिहा, भिऊ नका."

बाई हरखलीच. इतक्या वर्षांत कुणीतरी विचारत होतं! आठवडाभर तिने फोन केले. कुणी "आता आठवण झाली होय?" म्हणून झाडलं. एक तर म्हणाली, "मावशी, तुमचे पाय बघितले आणि कानाला खडा लावला." ते तिला फार लागलं, पण तेही तिने लिहिलं. सव्वीस जणींचं रडगाणं एकच: दहा तास उभं राहायचं आणि बूड टेकायला साधं स्टूल नाही.

बाई सुताराकडेही जाऊन आली. टेबलाच्या उंचीला जुळणारी बारा स्टुलं, बसून इस्त्री फिरेल अशी. हॉलमध्ये सांगूनही टाकलं, "या महिन्यात बसाल गं बायांनो."

"मावशी, तुमच्या तोंडात साखर पडो!"

धाकट्या मालकांनी कागद मन लावून वाचले. वाईट माणूस नव्हे हो तो, तिच्यासाठी चहा मागवला. पण बोट ठेवलं ते भलतीकडेच.

"या गेल्या त्या एकट्या, नाहीतर नवरा कमावता. म्हणजे सोडून जाणं यांना परवडत होतं."

"साहेब, पण स्टूल..."

"स्टुलावर हात मंदावतो, मावशी. आपली निवडच चुकत होती. आता भरतीला तुम्ही बसा. इस्त्रीचं नंतर, आधी विचारायचं, घरी कोण कोण, कमावतं कोण. सहज, मायेने. बाबा असंच करायचे. तुमच्या वेळची एक तरी हलली का?"

बाईचा चहा हातातच राहिला. बावीस वर्षांपूर्वी याच खोलीत थोरल्या मालकांनी तिला पाणी दिलं होतं. इस्त्री येते का, हे विचारलंच नव्हतं. "घरी कोण कोण, पोरी?" एवढंच. मणका मोडून अंथरुणाला खिळलेला नवरा, दोन चिल्लीपिल्ली, आंधळी सासू, सगळं सांगून ती ढसाढसा रडली होती. लगेच नोकरी मिळाली. देवमाणूस! थोरले मालक वारले तेव्हा बाप गेल्यासारखा टाहो फोडला होता तिने. त्यांच्याविरुद्ध कुणी ब्र काढला तर अंगावर धावून जायची. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काय खोटं?

त्या संध्याकाळी राजीनामा लिहायला ती बसली. नवरा, सासू केव्हाच गेले होते. पण शेजारी लेक झोपली होती, सासरहून कायमची परत आलेली, कुशीत अकरा महिन्यांचं बाळ. बाईने कागद घडी करून डब्याखाली सारला.

सोमवारी पहिली मुलगी आली, जेमतेम चोवीस-पंचविशीची. दार उघडं, आत धाकटे मालक. 'एकटी आहे म्हण,' असं बाईच्या अगदी ओठांवर आलं. पण तसं म्हटलं तर पोरीला काम मिळणार नाही, आणि तिच्या चपलेचा अंगठा तर दोऱ्याने शिवलेला. मेलं, सांगायचं तरी काय?

"घरी कोण कोण?" बाईने विचारलं.

"आई आजारी, दोघं भाऊ शाळेत. कमावणारी मीच." पोरीचे डोळे भरून आले. "चार ठिकाणी जाऊन आले, मावशी. घरचं कुणी विचारलंच नाही हो. तुम्हीच पहिल्या."

बाईने पाण्याचा पेला पुढे सरकवला. फॉर्मवर 'योग्य' असं लिहिलं.

"उद्या आठला ये," ती म्हणाली. "आणि जाड तळाच्या चपला घाल."