खालच्या लाईनीचं बटण

दोन हजार बावीस साल. मला एकाहत्तर. शाळा जेमतेम चौथीपर्यंत, पण आमच्या पाणीसंस्थेच्या पाळ्या मीच लावायचो आणि त्यात बोट घालायची कुणाची छाती नव्हती. आमच्या शिरोळकडं नदीचं पाणी पंपानं उचलतात आणि पाइपानं एकेकाच्या उसाला पाळीनं सोडतात. पाळी लावणाऱ्यानं आपलं नाव शेवटाला घालायचं, ही आमची रीत. ती मी कधी मोडली नव्हती.

पुढं सुनेनं हे काम कॉम्प्युटरवर घेतलं. एक्सेलच्या फाइलीत तिनं एक बटण बसवलं. एकाचं पाणी झालं की ते दाबायचं, मग वरचं नाव तळाला जायचं, बाकीची एक घर वर सरकायची. ही फाइल वरच्या लाईनीची, म्हणजे वरच्या पाइपावरच्या रानांची. त्या उन्हाळ्यात खालची नवी लाईन सुरू झाली.

"मामा, थांबा जरा. रविवारी मी करून देते," सून म्हणाली.

मी कुणासाठी थांबणारा गडी न्हाय. वरच्या फाइलीची नक्कल मारली, त्यात खालच्या लाईनीची नावं घातली. बटण आयतंच आलं. वरची फाइल मागं उघडीच होती. बटण दाबलं. काही हललं नाही. परत दाबलं. ढिम्म! मग मीही इरेला पेटलो, दाबतच राहिलो. शेवटी वैतागून दोन्ही फाइली सेव्ह करून बंद केल्या.

सुनेनं नेहमीसारखा, नावं न बघता, वरच्या लाईनीच्या नव्या फेरीचा कागद छापला, आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं तो संस्थेच्या फळ्यावर लावला.

संध्याकाळी मी फळ्यापाशी गेलो, तर माणसांनी बाजूला होऊन वाट दिली. एकजण म्हणाला, "या पावणं! पयलं पाणी तुमचंच की."

"कसलं पाणी?"

"वाचा की. का वाचायलाबी सुनंला बोलवू?"

वाचलं. पहिलं नाव माझं. चष्मा पुसून परत वाचलं. माझंच! माझ्याखाली शेजारणीचं नाव. पहिली पाळी तिची होती. म्हातारीनं एकटीनं उसाची नवी लागण केलेली, आणि माझं एवढं थोरलं रान भिजेपर्यंत तिचे कोंब करपून जाणार.

ती तिथंच उभी होती. "भावजी, तुमीसुदीक?" एवढंच म्हणाली.

तसाच घरी आलो आणि सुनेवर ओरडलो, "तुझा कॉम्प्युटर खोटारडा हाय!"

तिनं फाइल उघडून बघितली. "खोटा न्हाय, मामा. बटणाच्या आतल्या मजकुरात वरच्या फाइलीचं नाव हाय. नक्कल केली तरी ते तसंच राहतं. तुम्ही दाबत होता इथं, नावं फिरत होती तिथं."

मी विचारलं, "म्हणजे तिचं पाणी मी पळवलं?"

"व्हय की."

तिनं ते नाव काढलं आणि 'बटण ज्या फाइलीत, तीच फाइल' असं आत लिहिलं. "आता नक्कल केली की आधी जुनी फाइल बंद करायची, खोटी नावं घालायची, मगच दाबून बघायचं," असं बजावलं. आमच्या म्हशींची नावं घालून मी दाबून बघितलं. म्हशी सरकल्या, वरची लाईन जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पंप सुरू व्हायच्या आत, मी चारचौघांसमोर तो कागद फाडला, "चूक माझी" म्हणालो, नीट कागद लावला, आणि पाटकऱ्याच्या हातातला पाना घेऊन शेजारणीच्या रानाचा व्हॉल्व्ह स्वतः उघडला.