नक्की ना गो, बाय?

श्रावणातली सकाळ. रात्रभर कोसळून पाऊस जरा दम खात होता, पण नर्सरीच्या हिरव्या जाळीतून थेंब टपकायचे थांबले नव्हते. राजापूरच्या वरच्या अंगाला, कातळाला लागून ही नर्सरी. भागोजी शिवगण तिथं गोणपाटावर मांडी घालून बसला होता. पुढ्यात आंब्याच्या कोयी, पंधरा दिवसांचे तांबूस लुसलुशीत कोंब फुटलेल्या. कोंब वरून छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. झालं कलम. बावीस पावसाळे भागोजी हेच करत आलाय.

गेल्या पावसाळ्यात पट्ट्या हातात द्यायला त्याची लेक श्रद्धा शेजारी असायची. यंदा पट्टी तो आपली आपणच दातात धरतो.

श्रद्धा बी.कॉम. झालेली. तेव्हा रत्नागिरीतल्या एका कंपनीत ऑफिसातली जागा निघाली होती. लेखी परीक्षा, मग मुलाखत, आणि दोन्हीकडे इंग्रजी. ती जागा मिळाली तर राजापूर कायमचं सोडायला नको, शनिवार-रविवार घरी. नाहीतर आत्याकडे नालासोपाऱ्याला जाणं ठरलेलंच. बापाला आणि लेकीला दोघांनाही ते नको होतं.

तिला छळायचे ते इंग्रजी वाक्प्रचार. वाक्यात मोकळी जागा, खाली चार वाक्प्रचार, त्यातला नेमका बसेल तो निवडायचा. जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर उत्तरं होती, नुसती अक्षरं. नजर तिकडंच जाते म्हणून तिनं ते पान फाडलं आणि बापाच्या ताब्यात दिलं. भागोजी चौथी शिकलेला, पण ए, बी, सी, डी ही चार अक्षरं त्याला ओळखता यायची. पान त्यानं चिमट्यानं जाळीच्या दोरीला, डोळ्यांसमोर लटकवलं. हात कलमावर, डोळा पानावर.

"बाबा, आयका. दोन भाव वर्सानुवर्सं भांडत व्हते, शेवटाक त्यांनी काय केल्यानी? ए, स्पिल द बीन्स. बी, बरी द हॅचेट..."

"म्हंजे काय गो त्ये?"

"ए म्हंजे गुपित फोडलं. बी म्हंजे कुराड पुरून टाकली. भांडान मिटवलं."

"कुराड पुरतत? गंजून जाईल की ती! सायबाच्या घरात लय कुराडी झाल्या वाटतं."

"बाबा! उत्तर सांगू का बडबड आयकू तुमची?"

"सांग, सांग."

एक गोष्ट मात्र होती. भागोजीच्या बापानं त्याला कलम शिकवताना बजावलेलं, सुरी हातात असेपर्यंत तोंडातून नकार काढायचा नाही. 'नाय' म्हणायचं नाही, 'चुकलं' म्हणायचं नाही. काडी ऐकते आणि धरत नाही. त्या घराण्यात हे सगळे पाळत आले होते, श्रद्धालाही ते लहानपणापासून ठाऊक. तर तिचं उत्तर बरोबर आलं की भागोजी म्हणायचा, "हूं, फुडं." आणि चुकलं की पानाकडं एकदा बघून हळूच विचारायचा, "नक्की ना गो, बाय?"

ती लगेच उत्तर बदलायची. दुसऱ्या खेपेला बहुधा बरोबर यायचं. अडीच महिने असा अभ्यास चालला. पोर हुशार होतेय म्हणून भागोजी मनातून फुलून गेला होता.

लेखीत ती पास झाली. मुलाखतीला सकाळच्या एसटीनं गेली, संध्याकाळी परतली. दुसऱ्या दिवशी नर्सरीत शेजारी बसली, तेव्हा कुठं बोलली.

"शेवटाक आमी दोघी उरलो, बाबा. मॅडमनी एक वाक्य दिल्यानी, दोन शेजाऱ्यांचं. मी झटक्यात बोलले, बरी द हॅचेट. मॅडम हसल्या नि मराठीतच म्हनल्या, नक्की ना? आनि माज्या तोंडातून आपसूक दुसराच निगाला."

"मग?"

"म्हनल्या, पहिलंच बरोबर होतं. तुम्ही ठाम राहता का, एवढंच बघत होते. इथं दिवसभर लोकांना उत्तरं द्यायची असतात." तिनं एक पट्टी बोटाला गुंडाळली, सोडवली. "माजीच चूक. तुमी यवढं घोकून घेतलंत."

भागोजीची सुरी कोंबावर थांबली. तुजी नाय, माजी चूक, एवढंच बोलायचं होतं. शब्द ओठाशी आला होता. पण हातात सुरी. ती खाली ठेवायला कितीसा वेळ लागतो? गोणपाट तर बाजूलाच होतं.

"पट्टी दे," तो म्हणाला.

गणपती झाल्यावर श्रद्धा नालासोपाऱ्याला गेली. आता एका औषधाच्या दुकानात असते. आत्या सांगते, भाजीवाल्यानं 'हीच जुडी ना ताई?' विचारलं तरी पोर जुडी बदलून घेते. आत्या हसून सांगते. भागोजीला हसू येत नाही.

आणि ज्या कलमांसाठी त्यानं तोंड शिवून ठेवलं, त्यातली अर्धी त्याच पावसाळ्यात कुजली. पाऊस जास्त झाला, एवढंच.

आज कलमं बांधताना खिशातला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन वाजला. श्रद्धाच.

"बाबा, जेवलात? यंदा काड्या लागल्या ना?"

"नाय," भागोजी म्हणाला. "बऱ्याच कुजल्या."

पलीकडं ती हसली. "आज सुरी खाली ठेवलीत वाटतं!"

"हातातच हाय. बाय, त्या मुलाखतीत तुजी चूक नवती गो. 'नक्की ना' म्हटलं की उत्तर बदलायची सवय मीच लावली तुला."

"म्हाईत हाय, बाबा. परत येताना एसटीतच कळलं माला."

"मग बोललीस का नाय तवा?"

"तुमच्या हातात सुरी व्हती ना. तुमाला कुटं बोलता आलं आसतं?"

मागून कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. संध्याकाळी फोन करते म्हणाली आणि तिनं ठेवला.

भागोजीनं फोन पुन्हा पिशवीत गुंडाळला. दोरीवरचं ते पान अजून तिथंच होतं, भिजून अक्षरं पसरलेली. काढायला त्याचा हात वर गेला, पण चिमटा गंजून बसला होता. त्यानं हात सदऱ्याला पुसला, पट्टीचं टोक दातात धरलं आणि पुढची कोय ओढली.