घाट चढायचा नाही

लालासाहेब माझा मामा. महाबळेश्वरला पस्तीस वर्षं टॅक्सी चालवत होता. गेल्या मे महिन्यात पसरणीचा घाट उतरताना त्याच्या उजव्या डोळ्यात काजवे चमकल्यासारखं झालं, आणि दोन दिवसांनी कडेनं काळा पडदा सरकत आला. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. ऑपरेशन करून त्यांनी पडदा जागेवर बसवला आणि तो दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला.

दहा दिवस तोंड जमिनीकडे ठेवायचं. आणि बुडबुडा विरेपर्यंत, म्हणजे दीडेक महिना, घाट चढायचा नाही. उंचावर वायू फुगतो.

"मग घरी कसा जाऊ? माझं घरच वर हाय," मामा म्हणाला.

"घर काय एकच हाय व्हय तुझं?" असं म्हणून आईनं त्याला सांगलीजवळ माधवनगरला, आमच्याकडं आणलं. मामी जाऊन चार वर्षं झाली होती, वर वाट बघणारं तसं कुणी नव्हतं.

माधवनगर खरं तर त्याचंच गाव. आजोबा इथल्या कापडगिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा मामा बावीस वर्षांचा. गिरणी पुन्हा सुरू होईल, पोरानं थांबावं, असं आजोबांचं म्हणणं. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि मामा निघून गेला. पुढं सणाला यायचा, पण सकाळी येऊन संध्याकाळी परत.

आता तो पलंगावर पालथा, छातीखाली उशा, डोकं कडेबाहेर. दिसायची फक्त फरशी आणि आमचे पाय. तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाला, "अक्का, तीन दिवस झालं, माणसाचं तोंड दिसंना."

आईचे गुडघे धरलेले. तरी तिनं सतरंजी अंथरली आणि पलंगाच्या कडेला उताणी झोपली, तोंड बरोबर त्याच्या तोंडाखाली. "बघ आता!"

मामा इतका हसला की मलाच त्याच्या डोळ्याची भीती वाटली.

मग रोज दुपारी तशाच गप्पा. गिरणीच्या भोंग्यावर सगळं गाव कसं उठायचं. आजोबा पाळीवरून आले की त्यांच्या केसांत अडकलेला कापूस मामा कसा वेचून काढायचा. मी भाजी निवडत ऐकायचे.

एका दुपारी आजोबांचा विषय निघाला, तेव्हा मामा म्हणाला, "आबा शेवटपर्यंत माझ्यावर रागावलेलंच राह्यलं."

आईनं डोक्याखालची सतरंजी सारखी केली. मग म्हणाली, "आबा गेलते तिकडं, म्हाबळेश्वरला. तू गेल्यावर दुसऱ्या वर्षी, यष्टीनं. तू गाडी पुसत हुतास, गिऱ्हाइकासंगं हसत हुतास. लांबनं बघितलं आणि माघारी आलं."

"मला हाक का न्हाई मारली?"

"म्या बी तेच इचारलं. आबा म्हणलं, पोरगं सुखात दिसलं. म्होरं गेलो असतो तर घरी चल म्हणालो असतो."

"आन तू हे आत्ता सांगतियास?"

"त्यांनी शपथ घातलेली. आज मोडली."

मामाच्या डोळ्यातलं पाणी थेट आईच्या कपाळावर पडलं. तिनं ते पुसलं नाही. "रडू नगंस, औषध वाहून जाईल," एवढंच म्हणाली.

दहा दिवसांनी मान वर आली. बुडबुडा रोज थोडा लहान होत गेला, त्याची रेघ डोळ्यात पाण्यासारखी हिंदकळायची. संध्याकाळी मामा गिरणीच्या बाजूला फिरायला जायचा; शाळेतले दोन सोबती भेटले, तिथंच गप्पांत अंधार पडायचा. नजर आली, पण पुरती नाही. सरळ खांब अजून जरा वाकडा दिसतो. घाटात गाडी चालवायला डॉक्टरांनी नाहीच म्हटलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

जुलैत तो वर गेला. आता टॅक्सी स्टँडवर गाड्यांचे नंबर लावतो आणि दर दोन महिन्यांनी माधवनगरला येतो. मागच्या वेळी आठ दिवस राहिला. सहाव्या दिवशी भाकरी करपली म्हणून आईशी कडकडून भांडला. आई दिवसभर ते भांडण शेजारणींना रंगवून सांगत होती, आणि लय खुशीत होती.